हाकारी आणि नववा दिवा

आमच्या वेळशेत गावाला एकदा एक कोडं पडलं होतं. भोंगा वाजला, ठरल्याप्रमाणे सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलं, पण शाळेत आधीच असलेली मुलं सोडली, तर सड्यावरच्या नऊ घरांतलं एकही माणूस आलं नाही. ती माणसं झोपलेली नव्हती, आळशी नव्हती आणि हट्टी तर मुळीच नव्हती. मग ती आली का नाहीत?

या गोष्टीला आता सत्तर वर्षं झाली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या बंदरातल्या होड्या उन्हावर चालायला लागल्या होत्या आणि मासे कुठे आहेत ते त्यांना आकाशातून कळायचं. तरी आंबा मात्र माणसाला झाडावर चढूनच उतरवावा लागे. आंब्याच्या बागा होत्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. त्या बागा राखायला नेपाळहून माणसं येत. पूर्वी ती हंगामापुरती येत आणि जात. आमच्या वेळेपर्यंत त्यातली नऊ कुटुंबं तिथेच पत्र्याच्या खोप्यांमध्ये राहायला लागली होती.

त्यांतल्या एका खोपीत माझी मैत्रीण फूलमाया राहायची. ती माझ्याच वर्गात होती. मराठी अशी फाडफाड बोलायची की भांडणात मी तिच्यापुढे कधी टिकले नाही.

आणि गावात होता हाकारी. हाकारी म्हणजे नगरपंचायतीचा यंत्रमानव. दुधाच्या मोठ्या किटलीला तीन चाकं लावावीत आणि वर एक कर्णा बसवावा, तसा तो दिसायचा. त्याच्या पोटावर चारशे एकवीस बारके दिवे होते. गावातल्या प्रत्येक घरात एक घरभोंगा (भिंतीवरची बोलकी पेटी) होता आणि हाकारीच्या पोटावर त्या घराचा एक दिवा. वादळ, पूर, आग, काहीही असलं तरी हाकारी एकाच वेळी सगळ्या घरांत बोले. निरोप घरात पोचला की त्या घराचा दिवा पिवळा होई.

त्या दिवशी वादळाची रंगीत तालीम होती. खोटंखोटं वादळ, खरीखरी धावपळ. नगरपंचायतीचे शिवलकरकाका यादी घेऊन मोजत होते.

"नऊ घरं नाहीत. सड्यावरची," ते म्हणाले. "हाकारी, निरोप गेला होता का?"

"सर्व चारशे एकवीस गृहांस सूचना प्राप्त," हाकारी म्हणाला. तो नेहमी असाच बोलायचा. त्याच्या पोटावर सगळे दिवे पिवळे झाले होते.

"बघा, दिवेपण लागलेत! यांनाच यायचं नसेल तर आपण काय करणार?"

माझ्या शेजारी फूलमाया उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला. "ईशानी, घरी आमा आहे," ती हळूच म्हणाली. आमा म्हणजे आई. "धाकटा भाई आहे. मी शाळेत असले की त्यांना कोण सांगणार?"

"हाकारीने सांगितलं की."

"कुठल्या भाषेत?"

आम्ही दोघींनी हाकारीकडे पाहिलं. "भाषा-नोंदवहीनुसार," हाकारी म्हणाला. भाषा-नोंदवही म्हणजे कुठल्या घरात कुठली भाषा बोलतात त्याची यादी. "सदर नऊ गृहांची भाषा मराठी."

"आमच्या घरची?" फूलमाया ओरडलीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही आबांना घेऊन नगरपंचायतीत गेलो. आबा म्हणजे माझे आजोबा. सड्यावरची मोठी बाग आमचीच होती. पण तरुणपणी आबांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये (जिथे माणसं हाताने तारा जोडून दोन गावांचं बोलणं जुळवून देत) नोकरी केली होती. त्यामुळे निरोप कुठे अडकला हे शोधायची त्यांना भारी हौस.

"ही यादी भरली कुणी?" आबांनी विचारलं.

"मीच," शिवलकरकाका म्हणाले. "घरोघर जाऊन. उगाच नाही."

"हाकारी, त्या वेळचं बोलणं ऐकव बघू."

हाकारीने सगळं साठवून ठेवलेलं असे. कर्ण्यातून आधी शिवलकरकाकांचा आवाज आला. "काय रे दिलबहादूर, मराठी येतं ना?" मग फूलमायाच्या बाचा, म्हणजे वडिलांचा आवाज. "हो साहेब." पुढचं घर. "मराठी येतं ना?" "हो साहेब." असं नऊ वेळा.

"मग? हो म्हणाला की तो!" काका म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले.

"बा सगळ्या साहेबांना हो म्हणतो, काका," फूलमाया म्हणाली. "नाही म्हटलं की साहेब चिडतात."

आबा हसले. "शिवलकर, तू प्रश्नाच्या पिशवीतच उत्तर घालून दिलंस. त्या बिचाऱ्याने पिशवी परत केली, झालं."

"पण आबा, इथे राहायचं तर मराठी शिकायला नको?"

"शिकतील की. ही फूलमाया नाही शिकली? पण वादळ काही शिकवणी संपेपर्यंत समुद्रात थांबून राहणार नाही."

मग फूलमायाने एक गोष्ट सांगितली. भाई पोटात असताना आमाला दवाखान्यात दाखवलं, तेव्हा शाळा बुडवून फूलमायाच दुभाषी (एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारी) झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, रोज ही गोळी घ्या. रक्त कमी म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या फूलमायाला कळेना आणि आमाला घाबरवावंसंही वाटेना. तिने सांगून टाकलं, "ताकदीची गोळी आहे." आमाने ती महिनाभर दिलबहादूरला दिली. तोच रोज झाडावर चढत होता ना!

आम्ही सगळे हसलो. फूलमायाही हसली, पण तिचे डोळे भरून आले. "आमाला नंतर चक्कर आली होती," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

शिवलकरकाकांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्यामुळे नाही गो, पोरी. ते काम तुझं नव्हतंच. आमचं होतं."

तेव्हा हाकारीने गावाच्या सनदेतलं एक कलम वाचून दाखवलं. ते त्याच्या पोटात पहिल्या दिवसापासून होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. नेहमीच्या भाषेत सांगायचं तर त्याचा अर्थ असा होता. गावाची कुठलीही सोय ज्याच्यासाठी आहे, त्याला ती समजेल अशा भाषेत मिळायला हवी. ही कुणी केलेली मेहरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.

"मग नोंदवही पुन्हा भरू या," काका म्हणाले. "या वेळी काय विचारायचं? घरात कुठली भाषा बोलता?"

"त्यालाही बा मराठीच सांगेल," फूलमाया म्हणाली. तिने थोडा विचार केला. "असं विचारा काका. अचानक घाबरलात तर तुमच्या तोंडून कुठल्या भाषेत हाक निघते?"

हा प्रश्न घेऊन काका, फूलमाया, मी आणि हाकारी चार दिवस गावभर हिंडलो. काय मजा आली म्हणून सांगू! लोक आधी हसत, मग खरं खरं उत्तर देत. एका वेळशेतमध्ये सात भाषा निघाल्या. शिवलकरकाकांच्या स्वतःच्या आईने सांगितलं, "मी मालवणीतच बोंबलतंय. तुझ्या त्या डब्याचा बोलणा माका अर्धा कळत नाय." सदर, त्वरित, स्थलांतर, असे शब्द ऐकून तिला वाटे, कुणाच्या तरी जमिनीची कोर्टाची नोटीस आली. म्हणजे मराठी घरांतही निरोप अर्धाच पोचत होता! आबांना विचारलं तर ते म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये झटका बसला की माझ्या तोंडून जे निघायचं, ते कागदावर लिहिता येणार नाही."

आता हाकारीला नेपाळी शिकवायची होती. मला वाटलं, शब्दकोश पाठ केला की झालं. पण यंत्र भाषा तसं शिकत नाही. त्याला एकाच अर्थाची दोन भाषांतली हजारो वाक्यं जोडीजोडीने ऐकवावी लागतात. ऐकता ऐकता कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो, कुणाशी कधीच बसत नाही, हे ते टिपून ठेवतं आणि त्यातून अर्थाचा एक नकाशा बनवतं. मग मराठी वाक्य आलं की आधी ते नकाशावरची जागा शोधतं आणि तिथून नेपाळीच्या रस्त्याने बाहेर पडतं. लांबच्या मोठ्या यंत्रांनी बनवलेला नेपाळीचा नकाशा हाकारीला मिळाला. पण त्यात आमचा सडा नव्हता, खोपी नव्हती, कातळावरची घसरडी पायवाट नव्हती. त्या जागा फूलमायाच्या आमाने भरल्या. ती हाकारीसमोर बसून तीनशे वाक्यं बोलली. सुरुवातीला पदराआडून आणि शेवटी त्याच्या कर्ण्यावर चापट मारून.

मार्चच्या शेवटी दुसरी तालीम झाली. हाकारी सात भाषांत बोलला आणि मराठीही साधी बोलला. "जोराचा वारा येतोय. घर सोडा. शाळेत या." दिवे पिवळे झाले. शिवलकरकाकांच्या आई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसल्या. सड्यावरच्या बायका आणि मुलं आली. पुरुष मात्र एकही नाही!

"आता काय झालं?" काकांनी कपाळाला हात लावला.

आम्ही धापा टाकत सड्यावर गेलो. तर नऊच्या नऊ पुरुष आंब्याच्या झाडांवर! खाली पेट्यांची रांग. आम्हाला पाहून दिलबहादूर सरसर खाली उतरला. एवढ्या उन्हात त्याच्या अंगात नेहमीचं निळं जाकीट होतंच. वर्षभर तो ते उतरवायचा नाही. "हजुर," तो आबांना आनंदाने काहीतरी म्हणाला आणि पेट्यांकडे बोट दाखवलं.

फूलमायाने सांगितलं, "बा म्हणतोय, वारा येतो म्हणालात ना, म्हणून आधी आंबा उतरवला. बारा पेट्या झाल्या."

सगळे आंबे कोवळे. लोणच्याशिवाय दुसऱ्या कशालाही उपयोगाचे नाहीत.

आबा खो खो हसले. पण परतताना ते वाटेत एका दगडावर बसले आणि म्हणाले, "पोरींनो, या वेळी भाषा बरोबर होती, शब्द बरोबर होते. मग चुकलं काय?"

"त्याने ऐकलं नाही," मी म्हणाले.

"ऐकलं. वारा म्हटल्यावर बागेतल्या माणसाला पहिलं काय आठवणार? आंबा. निरोप आपण पाठवतो गो, पण त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. आणि त्या डोक्यात आधीपासून काय आहे, ते बाहेरून दिसत नाही."

"मग कळायचं कसं?"

"आमच्या एक्स्चेंजमध्ये कसं कळायचं? कुणी तार सांगितली की आम्ही ती त्याला परत वाचून दाखवायचो. चुकलं असेल तर तिथेच सापडायचं. इथे त्याच्याही पुढे जायला हवं. तेच शब्द परत म्हणणं तर पोपटालाही जमतं. त्याने आपल्या शब्दांत सांगायला हवं, की आता मी काय करणार आहे."

याला आम्ही पडसाद-तपासणी (ऐकणाऱ्याने समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं) असं भारदस्त नाव दिलं. हाकारीमध्ये नवा नियम घातला. निरोप पोचला की दिवा पिवळा. मग हाकारी विचारणार, "आता तुम्ही काय करणार?" उत्तर बरोबर आलं तरच दिवा हिरवा. चूक आलं तर हाकारी चिडणार नाही, वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणार. पिवळा म्हणजे पोचलं. हिरवा म्हणजे समजलं.

मे महिन्याच्या चौदा तारखेला खरं वादळ आलं.

उन्हाळ्यात समुद्र तापतो, त्याच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि रिकाम्या जागेकडे चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो सरळ न धावता गरगरत येतो. तेच चक्रीवादळ. तसं एक आमच्या किनाऱ्याजवळून जाणार होतं, पण सकाळी त्याने अचानक तोंड वळवलं आणि ते सरळ आमच्याकडे निघालं. अकरा वाजता हाकारी बोलला. दोन वाजता वारा सड्यावर आदळणार होता.

त्या वेळी फूलमाया सुट्टी म्हणून आमच्याकडे आली होती. आबा, ती आणि मी हाकारीजवळ शाळेच्या व्हरांड्यात उभे होतो. चारशे एकवीस दिवे पिवळे झाले आणि मग एकेक हिरवा होत गेला. जणू कुणी अंधारात भाताचं शेत पेरत होतं! घरोघरचे आवाज कर्ण्यातून येत होते. "म्हातारीला घेऊन शाळेत निघालो." "होडी बांधली, पोरांना घेऊन येतो." एक आजीबाई म्हणाल्या, "मांजरासकट येते. तिची भाषा विचारू नको."

साडेबारापर्यंत चारशे वीस हिरवे. एक पिवळा. फूलमायाचं घर. आमा आणि भाई तर शाळेत पोचलेही होते.

हाकारीने नेपाळीत विचारलं. खोपीला लागून असलेल्या झाडावरून दिलबहादूरचा आवाज आला. फूलमायाचा चेहरा पांढरा पडला.

"बा म्हणतो, समजलं. खरं वादळ आहे हे समजलं. पण आंबा आता तयार झालाय. तो उतरवून मग येतो."

हाकारीने दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मग तिसऱ्या. उत्तर तेच. दिवा पिवळाच. सड्यावरून शाळेत यायला पाऊण तास लागायचा, आणि झाडं आताच वाकायला लागली होती.

"बा असा हट्टी नाही," फूलमाया रडायला लागली. "मी कितीदा सांगितलं. तो म्हणतो, मालकाला काय हवं ते तुला नाही कळत."

आबा एकदम खाली बसले. "जाकीट," ते म्हणाले.

"काय आबा?"

"गेल्या वर्षी वारा सुटला तेव्हा त्याने एकट्याने सगळा आंबा वाचवला. मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि ते जाकीट दिलं." ते सड्याच्या दिशेने पाहू लागले. "आपण किती भाषांत सांगतोय, खाली ये. पण मी त्याला आधीच दुसरा निरोप देऊन ठेवलाय. तोच निरोप अंगात घालून फिरतोय तो. फूलमाया, मला शिकव. आंबा सोडा, जीव वाचवा. लवकर."

"हाकारी सांगेल की, आबा."

"हाकारीने सांगून नाही चालणार. हे मीच बोलायला हवं. त्याच्या भाषेत."

फूलमायाने डोळे पुसले आणि एकेक शब्द सांगितला. आबा हाकारीच्या कर्ण्याला तोंड लावून, जुन्या एक्स्चेंजमधल्यासारखे ठासून बोलले, "दिलबहादूर! आँप छोड्नुस्, ज्यान जोगाउनुस्!"

उच्चार इतका कोकणी होता की तशा वेळीही फूलमायाला हसू फुटलं. आबा पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले.

कर्ण्यातून फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. मग काहीतरी धप्पकन पडल्याचा. पेटी असावी. आणि मग दिलबहादूरचा आवाज आला, धापा टाकत, आणि तो मराठीत होता.

"मालक, आंबा झाडावर. मी वाटेवर."

हाकारीने उत्तर तपासायला दोन क्षण घेतले. नववा दिवा, सड्यावरच्या नऊ दिव्यांतला शेवटचा, हिरवा झाला.

दीड वाजता दिलबहादूर शाळेच्या फाटकातून धावत आत आला. फूलमाया त्याला अशी बिलगली की दोघंही चिखलात पडले. दोन वाजता वारा आला. शाळेची भिंत जाड होती, पण तो आवाज मला अजून आठवतो. आत मुलं सात भाषांत आपापल्या आयांना हाका मारत होती आणि सगळ्या आया जवळच होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सड्यावर गेलो. खोप्यांचे पत्रे दरीत गेले होते. ज्या मोठ्या झाडावर दिलबहादूर चढलेला असता, ते मुळासकट आडवं झालं होतं. आबांनी त्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग त्यांनी दिलबहादूरच्या जाकिटावरचा चिखल हाताने झटकला. "याला सांग गो फूलमाया, हे जाकीट आंब्यासाठी नव्हे. काल वेळेवर खाली आला म्हणून."

"हजुर," दिलबहादूर म्हणाला आणि त्याने आपल्या शब्दांत परत सांगितलं, मोडक्या मराठीत, "जाकीट, जिवंत आलो म्हणून."

पडलेल्या आंब्यांचं गावाने आठ दिवस पन्हं प्यायलं आणि वर्षभर लोणचं खाल्लं. शिवलकरकाकांनी दवाखान्यातही एक लहान हाकारी बसवला. त्यानंतर दुभाषी व्हायला म्हणून फूलमायाची शाळा एकदाही बुडली नाही. सड्यावर पक्की घरं झाली.

तीच फूलमाया मोठी होऊन भाषायंत्रांची शास्त्रज्ञ झाली. आता तिची नात चंद्रावरच्या तळावर काम करते. तिथे चाळीस देशांची माणसं आहेत, आणि नव्या माणसाची नोंद करताना पहिला प्रश्न अजून तोच असतो, जो आमच्या वेळशेतच्या कचेरीत एका अकरा वर्षांच्या मुलीने सुचवला होता. घाबरलात तर कुठल्या भाषेत हाक मारता? पुढे कधी दूरच्या ताऱ्यावरून कुणी पाहुणे आलेच, तर त्यांनाही आपण हेच विचारू.

मी आणि फूलमाया रोज सकाळी फोनवर बोलतो. दोघींनाही आता कमी ऐकू येतं. फोन ठेवण्याआधी ती न चुकता म्हणते, "ईशानी, मी काय सांगितलं, ते तुझ्या शब्दांत सांग बघू."

मी सांगते. मग ती हसते आणि म्हणते, "हिरवा."